फितीच्या घडीतलं नाव

घाबरत घाबरतच बोलतोय मी. तुमच्या हातात कात्री किंवा चांदी उजळायची पावडर नाही ना? नाही म्हणता? मग बोलतो.

मी एक पदक आहे. ऑस्ट्रियाच्या जुन्या बादशाही फौजेचं, चांदीचं, दुसऱ्या वर्गाचं शौर्यपदक. कोटाच्या मोठ्या बटणाएवढा माझा आकार. पुढच्या अंगाला गलमिशावाले म्हातारे कैसर, मागच्या अंगाला झेंडे, पानांची माळ आणि मधोमध कोरलेलं ‘शौर्यासाठी’. ज्याच्या पाठीवर हे असं कोरलंय तो जन्मापासून थरथर कापतोय, हे ऐकून तुम्हाला हसू येईल. हसा खुशाल. मलाही कधीकधी येतं.

माझ्यावर कैसरचं नाव आहे. नक्षी कोरणाऱ्या कारागिराचंही आहे, कैसरच्या मानेखाली, भिंगाशिवाय दिसणार नाही इतकं बारीक. काठावर टाकसाळीची खूण आहे. फक्त ज्याला मला द्यायचं त्याचं नाव माझ्यावर कुठेच नाही. तशी रीतच नव्हती. त्याचं नाव कागदावर असायचं, आणि लढाईत कागदांचं काय होतं ते मी वेगळं सांगायला नको.

१९१६च्या पानगळीत व्हिएन्नाच्या टाकसाळीत मी जन्मलो. जन्म म्हणजे एक दणका. आत्ता गुळगुळीत चकती होतो आणि क्षणात कपाळावर बादशहा. तेव्हापासून कुठेही मोठा आवाज झाला की माझ्या कडीत कापरं भरतं. मग एका बाईनं मला लाल-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांची फीत लावली. दुसऱ्या देशांची पदकं सरळ फितीवर लोंबतात. आमच्याकडे फितीची तिकोनी घडी घालतात, आत कडक कापड घालून मागून टाके मारतात. ती घडी माझ्या डोक्यावरचं छप्पर. पुढे जे काही घडलं, ते सगळं त्या छपराखाली लपलेलं होतं.

पुडक्यात बांधून मला आघाडीवर पाठवलं, इसोंझो नदीच्या काठच्या खडकाळ पठारावर. तिथे झाड नव्हतं, माती नव्हती. तोफगोळा पडला की दगडांचेच गोळे होऊन उडायचे. हवालदारानं खंदकात पुडकं फोडलं आणि हाक मारली, “येर्नेय कोशाक!”

कुणी ओ दिली नाही.

“येर्नेय कोशाक! कुठे उलथलाय? कैसरनी भेट पाठवलीय म्हणावं.”

“तो परवा गेला, हवालदारसाहेब,” कुणीतरी म्हणालं. “सूप आणायला गेला होता. डबा तेवढा सापडला.”

हवालदार माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं एक शिवी हासडली, ती मला नव्हती, कुणाला होती कोण जाणे. “लाकनर, तू घे हे. तुलाच ओढून आणलं ना त्यानं? सुट्टीवर जाशील तेव्हा त्याच्या आईच्या हातात दे. हरवलंस तर तुझी खैर नाही.”

अशा रीतीनं ज्याच्यासाठी मी आलो त्याचा चेहराही मला दिसला नाही. पडलो ते कायेटान लाकनरच्या हातात. बावीस वर्षांचा सुतार, डाव्या पायानं लंगडा, ताजाच लंगडा, इस्पितळातून नुकताच परतलेला.

कायेटाननं पहिलं काम केलं ते हे. सुरीच्या टोकानं माझ्या फितीचे टाके उसवले. खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला, आघाडीवर पत्रं लिहायला द्यायचे ती, ओली केली की जांभळी होणारी. जिभेवर ओली करून त्यानं घडीच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं: ‘हे माझं नाही. येर्नेय कोशाकचं आहे, राहणार ब्रेझोवेत्स. मला ओढून आणणारा. मी नेऊन देणार. का. ला.’ मग सुई-दोऱ्यानं घडी पुन्हा शिवून टाकली. त्याच्या जिभेवरचा जांभळा डाग दोन दिवस गेला नव्हता.

खंदकात पडल्या पडल्या तो माझ्याशी बोलायचा. त्याच्याकडूनच कळलं की येर्नेय पलटणीतला सगळ्यात भित्रा. गोळ्याची शीळ ऐकली की कोपऱ्यात उकिडवा बसायचा आणि कान झाकायचा. पोरं त्याला ‘ससा’ म्हणायची. आणि कायेटान काटेरी तारांपलीकडे पाय फुटून पडला तेव्हा शूर म्हणवणारे सगळे खाली माना घालून बसले, आणि ससा गेला. रांगत गेला, मोठमोठ्यानं रडत गेला. ओढून आणतानाही रडतच होता आणि कायेटानला शिव्या घालत होता, “वजन कमी कर की मेल्या, किती खातोस!”

हे सांगताना कायेटान हसायचा, आणि मग माझ्या फितीचे टाके अंगठ्यानं चाचपून बघायचा.

आता खरी चूक कुठे झाली ते सांगतो. १९१७च्या वसंतात त्याला सुट्टी मिळाली. फौजेच्या गाडीत चोऱ्या फार. खिसे फाटलेले. म्हणून त्यानं मला अंगरख्यावर टाचलं, केवळ हरवू नये म्हणून. ब्रेझोवेत्स वाटेतच होतं, पोहोर्ये डोंगराच्या पायथ्याशी, पण जाताना गाडी तिथं थांबलीच नाही. “परतताना उतरू,” तो मला म्हणाला. आणि आम्ही त्याच्या गावी पोहोचलो, मुर नदीच्या वरच्या अंगाला, ओबरआखला.

फलाटावर त्याची आई उभी होती. तिची नजर आधी लंगड्या पायावर गेली आणि मग माझ्यावर. “माझा कायेटान!” असं ओरडून ती जी रडायला लागली ती थांबेचना. शेजारी सरपंच होते, त्यांनी टोपी काढली. संध्याकाळच्या आत बँड जमला. कायेटाननं दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. मी त्याच्या छातीवर होतो, आतली धडधड मला सरळ ऐकू येत होती. इसोंझोवर त्याची छाती इतकी धडधडली नव्हती.

परतीच्या वाटेवर तो ब्रेझोवेत्सच्या स्टेशनवर उतरला खरा. पण फलाटावरून हलला नाही. “काय सांगू तिला?” मला मुठीत धरून तो पुटपुटला. “तुझा मुलगा गेला आणि गावानं मिरवणूक माझी काढली, हे सांगू?” गाडीनं शिट्टी दिली तसा तो पुन्हा चढला. तोफेला न घाबरणारा माणूस एका म्हातारीला घाबरला.

त्यानंतर लढाई संपली, कैसर संपले, बादशाहीचे तुकडे झाले, आणि ब्रेझोवेत्स एका दिवसात परदेश झालं. मधे सीमा आली, पहारे आले. “पुढच्या वसंतात,” कायेटान म्हणायचा. असे पंचेचाळीस वसंत गेले.

लढाईनंतरच्या पहिल्या एक-दोन हिवाळ्यांत तर मी मेलोच असतो. उपासमारीचे दिवस. लोक पदकं मोडीत काढून पीठ-चरबी आणत होते. शेजारच्या घरातलं माझ्याच टाकसाळीतलं एक पदक चमचा होऊन परत आलं. मी त्या चमच्याकडे बघायचो आणि वाटायचं, आता माझी पाळी. कायेटानच्या बायकोनं एकदा विचारलंही, “हे रे कशाला ठेवलंयस? पोराला दूध येईल की.” कायेटान इतकंच म्हणाला, “ते माझं नाही.” तिला वाटलं, देशाचं आहे असं म्हणतोय. तिनं पुन्हा विचारलं नाही.

दर वर्षी देवाच्या मिरवणुकीला गावाच्या आग्रहाखातर तो मला छातीवर लावायचा. त्या दिवशी त्याचा घाम फितीत मुरायचा आणि मला धडकी भरायची, आतली पेन्सिल ओली झाली तर? पोरं विचारायची, “काका, तुम्ही काय पराक्रम केला होता हो?”

“पळालो, बाळांनो,” तो सांगायचा. “पण दिशा चुकली.”

सगळे खदखदा हसायचे. किती साधा माणूस, म्हणायचे. खरं बोलूनसुद्धा लपता येतं, हे मी त्याच्याकडून शिकलो.

१९६२ साली तो गेला. शेवटच्या दिवसांत मला उशाशी मागून घेतलं. मुलगी हर्मिने जवळ बसलेली असायची. तो तिच्याकडे बघायचा, माझ्याकडे बघायचा, ओठ हलायचे, पण आवाज फुटायचा नाही. मला वाटायचं, बोल, एकदाचा बोल. पण माझंच मन खायचं मला, कारण मलाही वाटत होतं, नको बोलू. ती मला खिडकीतून फेकून देईल.

आमच्याकडे असा माणूस गेला की लाल मखमलीच्या उशीवर त्याची पदकं टाचतात आणि शवपेटीच्या पुढे ती उशी मिरवत नेतात. मी एकटाच होतो उशीवर. बँड हळू वाजत होता, टेकडीवरून तीन बार उडवले, प्रत्येक बाराला मी उडालो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना लोक टोप्या काढून उभे होते. आणि मला एकच भीती, की गर्दीतून कुणीतरी पुढे येईल आणि विचारेल, हे कुणाचं?

कुणी आलं नाही. तेही वाईटच वाटलं.

पुढची तीस वर्षं मी हर्मिनेच्या बटणांच्या डब्यात काढली. हर्मिने शाळेत शिकवायची, लग्न केलं नाही, बापाचा फोटो भिंतीवर आणि उशी कपाटात. तीस वर्षांत तिनं मला पाच-सहा वेळा बाहेर काढलं असेल. प्रत्येक वेळी विचारायची, “बाबा, काय केलं होतंत हो?” फोटो काय बोलणार! आणि मी तरी?

मग ओबरआखच्या माजी सैनिक मंडळाच्या डोक्यात आलं की चर्चच्या भिंतीवर गावच्या शूरवीरांची दगडी पाटी बसवायची. अध्यक्ष हॉल्त्सर स्वतः हर्मिनेकडे आले. “बाई, तुमच्या वडिलांचं नाव सगळ्यात वर. फक्त एक करा. हल्ली नकली माल फार सुटलाय, तेव्हा पदक एखाद्या जाणकाराला दाखवून चिठ्ठी आणा. आणि जरा चकचकीत करून घ्या, समारंभात उशीवर मिरवायचंय. पाथरवट सोमवारी छिन्नी हातात घेणार आहे.”

दगडावर नाव! मला घाम फुटला असता, फुटत असता तर. कागद फाटतो, माणूस मरतो, पण दगडावर एकदा ‘कायेटान लाकनर’ कोरलं की येर्नेय कोशाक कायमचा पुसला. आणि खरं बाहेर आलं, तर तीस वर्षं बापाच्या फोटोला हार घालणाऱ्या हर्मिनेचं काय? दोन्हीकडून मरण. त्यातून बाहेर पडायची वाट माझ्या हातात नव्हती, कारण मला हातच नाहीत.

शनिवारी सकाळी ती मला रुमालात बांधून ग्राट्स शहरात घेऊन गेली. तिथे एका खानावळीच्या मागच्या खोलीत पदकं जमवणाऱ्या मंडळींची बैठक भरते. समोर मांसाच्या तिखट रश्श्याच्या, गुलाशच्या लहान वाट्या, बिअर, कॉफी, आणि मधोमध हिरव्या बनातीवर पदकंच पदकं. अरे बापरे, ती गर्दी! कुणाची कडी तुटलेली, कुणाचा काठ घासलेला, कुणी इतकं उजळलेलं की कैसरचं नाक सपाट. आणि प्रत्येकावर चिकटवलेला आकडा. एकाही पदकाला आपला माणूस कोण ते सांगता येत नव्हतं. मी त्या बनातीवर टेकलो आणि वाटलं, झालं, आपणही आता यांच्यातलेच.

मला पारखायला बसले ते श्लाखर, रेल्वेतून निवृत्त झालेले ओबरइन्स्पेक्टर. निवृत्तीला पंधरा वर्षं झाली तरी तिथे वेटरसुद्धा त्यांना हुद्द्यानंच हाक मारायचा. पांढरे सुती हातमोजे, गळ्यात भिंग, आणि स्वभाव कडक. शेजारी होता प्राटेस. हा जुनी पदकं घ्यायचा, घासूनपुसून, नव्या फिती लावून विकायचा. त्याच्या खिशात नेहमी कात्री आणि नव्या फितीचं रीळ.

“नकली असणार,” माझ्याकडे नीट न बघताच प्राटेस म्हणाला. “लढाई संपता संपता पांढऱ्या धातूची दुकानात मिळायची. माझ्याकडेच पाच आहेत.”

“आधी काठ बघ, मग तोंड उघड,” ओबरइन्स्पेक्टर म्हणाले.

भिंगातून एक भलामोठा निळा डोळा माझ्यावर आला. मला तराजूत घातलं, काठ फिरवून बघितला, कैसरच्या मानेखालचं नाव वाचलं. अंगावर सगळं ठीक आहे हे मला माहीत होतं. तरी खोट्या माणसासारखा मी कापत होतो. चांदी खरी होती हो, छाती तेवढी दुसऱ्याची होती.

“अस्सल,” ओबरइन्स्पेक्टर म्हणाले. “टाकसाळीचं, फीतही मूळची. अभिनंदन, बाई. चिठ्ठी देतो. वडिलांचं नाव काय म्हणालात?”

“कायेटान लाकनर.”

त्यांनी पेनचं टोपण काढलं. हर्मिनेचे डोळे भरून आले. आणि मग चाळीस वर्षं मास्तरकी केलेली बाई, तिनं जे केलं ते सवयीनंच केलं. फितीवरची धूळ दिसली म्हणून रुमालाचं टोक जिभेवर ओलं केलं आणि शाळेत पोरांची तोंडं पुसावीत तशी माझी फीत खसाखसा पुसली.

“अहो, पुसू नका!” ओबरइन्स्पेक्टर किंचाळलेच. “पुसलं की मेलं!”

उशीर झाला होता. ओल आत झिरपली. घडीतली अक्षरं विरघळायला लागलेली मला कळत होती. तो माणूस पुन्हा एकदा मरत होता, आणि या वेळी माझ्या अंगावर. पांढऱ्या पट्टीवर जांभळा डाग उमटला आणि पसरत गेला.

“अरेच्चा,” हर्मिने म्हणाली. “हे काय झालं?”

“काही नाही झालं, बाई,” प्राटेसनं मला उचललंसुद्धा. “ही चिंधी तशीही जायलाच हवी होती. पाच मिनिटांत नव्या नवरीसारखं सजवून देतो.” आणि कच्च, कच्च. टाके तुटले, डोक्यावरचं छप्पर गेलं. मी बनातीवर उघडा पडलो आणि माझी फीत पडली सॉसेजच्या तेलकट कागदावर. वेटर रिकाम्या ताटल्या गोळा करत आमच्याच टेबलाकडे येत होता. त्यानं तो कागद ताटलीत टाकला, ताटली उचलली.

ओरडता आलं असतं तर मी त्या क्षणी ओरडलो असतो.

“थांब!” ओरडले ते ओबरइन्स्पेक्टर. “ठेव ती ताटली खाली. जांभळा? फितीत जांभळा रंग कुठून आला?”

“पडली असेल शाई कधीतरी,” प्राटेस म्हणाला.

“शाई अशी फुटत नाही. आघाडीवरची तीन हजार पत्रं वाचलीयत मी, गाढवा. पाण्यानं जांभळी होते ती पेन्सिल. आत कुणीतरी काहीतरी लिहिलंय.” चिमट्यानं त्यांनी फीत उचलली, टिपकागदावर ठेवली आणि घडी हळूच उलगडली. शहात्तर वर्षांनी तिच्यात उजेड शिरला.

आडनाव गेलं होतं. ‘को’ एवढंच उरलं, पुढे जांभळं डबकं. बाकी वाचता येत होतं. ओबरइन्स्पेक्टरांनी वाचलं, पण मनातल्या मनात. मग भिंग हर्मिनेपुढे सरकवलं. “बाई, हे तुम्हीच वाचा.”

तिनं वाचलं. पुन्हा वाचलं. अक्षर बापाचं होतं, ते ओळखायला तिला भिंग लागलं नाही.

प्राटेसनं खुर्ची जवळ ओढली, आवाज खाली आणला. “हे बघा बाई, हे आपल्या तिघांतच आहे. कोण होता तो, मेला, सगळे मेले. त्या कोपऱ्यात शेगडी पेटलीय. चिंधी आत टाका, मी नवी फीत लावतो, ओबरइन्स्पेक्टर चिठ्ठी देतात, सोमवारी वडिलांचं नाव दगडावर. कुणाचं काय बिघडतं?”

ओबरइन्स्पेक्टरांनी पेनला टोपण लावलं.

हर्मिने उठली. टिपकागदासकट फीत तिनं तळहातावर घेतली आणि चालत शेगडीपर्यंत गेली. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं भय तेच, कुठल्याही मुशीपेक्षा, कुठल्याही तोफेपेक्षा. तिनं शेगडीचं दार उघडलं. जाळाचा उजेड तिच्या तोंडावर पडला. ती तशीच उभी राहिली, किती वेळ ते सांगता येणार नाही.

मग तिनं तळहात आचेपुढे नुसता धरला. फीत वाळवत होती.

“पंचेचाळीस वर्षं,” परत येऊन ती म्हणाली. “पंचेचाळीस वर्षं बाबा घाबरून जगले, आणि मी समजत होते की ते मितभाषी आहेत. ओबरइन्स्पेक्टर, चिठ्ठी लिहा. पण नाव हे लिहा. येर्नेय.”

पाटी बसली ती तिच्या बापाच्या नावाशिवाय. तिनंच हॉल्त्सरना सगळं सांगितलं. आठवड्याभरात बेकरीच्या रांगेत बायका कुजबुजायला लागल्या. एकीनं तर तोंडावरच विचारलं, “काय हो, शाळेत पोरांना खोटं बोलू नये म्हणून शिकवायचात ना तुम्हीच?”

“शिकवायचे. तुला शिकवूनही आलं नाही, ती गोष्ट वेगळी,” हर्मिने म्हणाली आणि पाव घेऊन निघाली. पण घरी आल्यावर ती रडली. मी बघितलं.

उन्हाळ्यात ती आणि ओबरइन्स्पेक्टर बसनं सीमेपलीकडे गेले. आता तिथे नवाच देश झाला होता. ब्रेझोवेत्सच्या दुकानात ‘येर्नेय को’ एवढं म्हणताच दुकानदारीण म्हणाली, “कोशाक! त्याची आई ना, रोज स्टेशनवर जायची म्हणतात. उतरणाऱ्या प्रत्येक शिपायाला विचारायची.”

रोज स्टेशनवर. म्हणजे त्या दिवशी, कायेटान मला मुठीत धरून उभा होता त्या दिवशीही ती त्याच फलाटावर असेल? मला हा विचार आजही सोसत नाही.

घरात होती तिल्का, येर्नेयची पुतणी, सत्तरीची. ग्राट्सच्या धुलाईखान्यात वीस वर्षं काम केलेली, त्यामुळे भाषेची अडचण नव्हती. हर्मिनेनं मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं आणि उभ्यानंच सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. शेवटी म्हणाली, “माझ्या वडिलांनी हे ठेवून घेतलं. चोरलं म्हणा हवं तर. तुम्ही काय म्हणाल ते मी ऐकून घेईन.”

मिटता आले असते तर मी डोळे मिटले असते. आता शिव्या येणार, मी भिंतीवर आपटला जाणार.

“शौर्यपदक? येर्नेयला?” तिल्का म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. “अगो बाई! आजी सांगायची, ढग गडगडले की हा चुलीमागे जाऊन बसायचा. कोंबडा अंगावर आला तरी पळायचा.”

“रडत रडत गेला होता,” हर्मिने म्हणाली. “बाबा आईला म्हणायचे, आपल्याला वाचवणारा रडत होता. मला तेव्हा अर्थ कळला नव्हता.”

तिल्काचं हसू हळूहळू विरलं. तिनं मला हातात घेतलं. धुण्यानं सोलवटलेली तिची बोटं खरखरीत होती. “तुमचे वडील जगले ना?” तिनं विचारलं. “किती वर्षं?”

“सेहेचाळीस.”

“आणि तुम्ही झालात. मग झालं तर. तो गेला होता ते त्यासाठीच. बसा आता, उभ्या काय राहिलात? कॉफी ठेवते.”

हर्मिने खुर्चीत बसली नाही, कोसळली.

रविवारी ब्रेझोवेत्सच्या चर्चमध्ये येर्नेयच्या नावानं प्रार्थना झाली. त्याला शवपेटी कधी मिळाली नव्हती, त्यामुळे मिरवायला काही नव्हतं. हर्मिनेनं पिशवीतून उशी काढली, तीच, कायेटानच्या वेळची लाल मखमलीची. मला जुन्याच भोकात टाचलं. माझ्या डोक्यावर माझी जुनी डागाळलेली फीत होती, ओबरइन्स्पेक्टरांनी स्वतःच्या हातानं शिवलेली. मग ती दारापासून वेदीपर्यंत उशी धरून चालत गेली, आणि तिच्या मागे शवपेटीच्या जागी नुसती रिकामी वाट होती. बँड नाही, बार नाहीत. तिल्का पहिल्या बाकावर नाक पुसत होती.

आता मी तिल्काच्या काचेच्या कपाटात असतो, कॉफीच्या चांगल्या कपांच्या मधे. भीती गेली असं म्हणणार नाही. कपाट उघडलं की वाटतं, कुणीतरी उजळायला आलं. तुमच्यापैकी कुणी पदकं जमवत असाल तर भिंग घ्या, तराजू घ्या, काठ तपासा, माझी काही तक्रार नाही. फक्त कात्री लावण्याआधी फितीची घडी एकदा उलगडून बघा. आणि हात कोरडे ठेवा.

पोहोर्येवर उन्हाळ्यात दुपारी ढग जमतात आणि एकाएकी असे कडाडतात की कपाटाच्या काचा खणखणतात. माझ्या कडीत तेच जुनं कापरं भरतं आणि मी कपावर टकटक आपटायला लागतो. तिल्काला ते चुलीपाशी ऐकू येतं. हातातलं काम टाकून ती येते, दार उघडते आणि तो खरखरीत हात माझ्यावर ठेवते.

“घाबरू नकोस रे, येर्नेय,” ती म्हणते. “मी आहे ना.”